पुढे उभं राहून व्यायाम कसा घ्यावा

ठाण्यात उपवन तलावाच्या काठावर असो, कचराळी तलावापाशी असो की घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या पोडियमवर, गटाचा व्यायाम घेणारा नवखा माणूस एक चूक हमखास करतो: तो स्वतःच व्यायाम करत राहतो. तुमचा व्यायाम आधी उरकून या. गटासमोर दोन-तीनदा करून दाखवा आणि थांबा. मग रांगांमधून फिरा. पंधरापेक्षा जास्त माणसं असतील तर मागे एक मदतनीस हवाच.

उन्हाकडे तोंड तुम्ही करा, गटाची पाठ उन्हाला येऊ द्या. डोळे मिचकावत तुमच्याकडे बघून कोणी शिकत नाही. समोरासमोर उभे असाल तर तोंडाने ‘उजवा हात’ म्हणा आणि स्वतःचा डावा उचला. हे आरशासमोर आठवडाभर घोटून घ्या, नाहीतर ऐनवेळी गडबड होते.

आज्ञा शाळेच्या कवायतीतल्यासारखी द्यावी. काय करायचं ते आधी लांबवून, कधी करायचं ते नंतर तोडून: ‘खाली… बसा!’ आठच्या मोजणीवर व्यायाम बदलायचा असेल तर पाचव्या आकड्यालाच पुढचा सांगून टाका. आठला सांगितलंत तर अर्धे लोक जुनाच करत असतात.

‘वीस बैठका’ असं सांगू नका, ‘तीस सेकंद बैठका, तीस सेकंद विश्रांती’ असं सांगा. आकडा दिला की दमदार माणूस आधी संपवून कमरेवर हात ठेवून बघत उभा राहतो. बाराव्या बैठकीवर धापा टाकणाऱ्याला ती नजर बोचते आणि पुढच्या आठवड्यात तो येत नाही. वेळ दिली की सगळे एकदम थांबतात. तीच गोष्ट जोरांची. ‘जमत नसेल त्यांनी भिंतीला करा’ म्हटलं की भिंतीकडे जायला कमीपणा वाटतो. ‘सगळे भिंतीपासून सुरू करा, सोपं वाटलं की बाकावर, मग जमिनीवर’ म्हटलं की कोणालाच मागे पडल्यासारखं वाटत नाही.

चूक सुधारताना एका वेळी एकच. बैठकीत टाचा उचलल्या जातात, गुडघे आत वळतात, पाठ वाकते. तिन्ही एकदम सांगितलं तर माणूस गोंधळून थांबतो. आधी टाचा. घोटा आखडलेला असेल किंवा झेपेल त्याहून खाली गेलं की त्या उचलल्या जातात, म्हणून मागे बाक ठेवून तिथवरच बसवा. जवळ जाऊन हळू सांगा: ‘काकू, टाचा टेकवा.’ दोन बैठका थांबून बघा, मग ‘हां, आता बरोबर’. हात लावायचा असेल तर आधी विचारा. दर मिनिटाला सगळ्यांना ‘मस्त, मस्त’ म्हणणाऱ्याची शाबासकी चौथ्या दिवशी कोणी ऐकत नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकट्याला गाठून बीपी, हृदय, गुडघे, ऑपरेशन, गरोदरपण विचारून वहीत लिहा. शंका असेल तर डॉक्टरांना विचारून या म्हणावं. बीपी असलेल्यांनी श्वास रोखणं वाईट, म्हणून प्लँकमध्ये (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ तोलून धरताना) मोठ्याने आकडे म्हणायला लावा. बोलताना श्वास रोखता येत नाही. छातीत दाब, हातात कळ, थंड घाम दिसला की व्यायाम बंद, बसवा आणि 108 ला फोन.

किती दमवायचं? वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढं. दमट हवेत घाम वाळत नाही, तेवढ्याच व्यायामाला नाडी जास्त धावते. त्या दिवसांत व्यायाम हलका ठेवा, दर पंधरा मिनिटांनी पाणी.

गैरहजर माणसाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘काल का नाही आलात?’ विचारणं म्हणजे त्याला चारचौघांत उभं करणं. वेगळा मेसेज करा: ‘उद्या सहाला पायाचे व्यायाम आहेत, चटई मी आणतो.’ वजनकाटा गटात नकोच. भिंतीला पाठ टेकून, खुर्चीशिवाय खुर्चीत बसल्यासारखं बसता आलेले सेकंद लिहून ठेवा आणि चार आठवड्यांनी ज्याचे त्याला दाखवा.

पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, तिथे उड्या बंद. ‘पाऊस आला तर बघू’वर बरेच गट मोडतात, इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगची परवानगी मेमध्येच काढून ठेवा.

दोन महिन्यांनी गटातल्याच कोणाकडे सुरुवातीची पाच मिनिटं सोपवा: चार हालचाली, कागदावर लिहून. तुम्ही शेवटच्या रांगेत उभे राहून तो सांगेल ते करा. चुकला तरी मध्ये बोलू नका, नंतर चहाला सांगा.