डोंगरावर खिचडी शिजवायची तर: छोटा स्टोव्ह आणि भांडं पारखून कसं घ्यावं

कॅम्पिंगसाठी मिळणारे बहुतेक छोटे स्टोव्ह एकाच कामाच्या हिशेबाने बनवलेले असतात: लिटरभर पाणी झटपट उकळायचं, त्यात तयार पाकीट ओतायचं आणि खायचं. खान्देशातून तोरणमाळला, पालला किंवा पाटणादेवीच्या बाजूला मुक्कामाला जाणारी मंडळी असं जेवत नाहीत. त्यांना तूरडाळीची खिचडी लागते, वर कच्चं तेल आणि भाजलेला पापड लागतो. खिचडीला अर्धा तास बारीक आच हवी. तेव्हा ‘पाणी किती मिनिटांत उकळतं’ हे दुकानदाराला नंतर विचारा, आधी ‘ज्योत किती बारीक होते’ ते बघा. भांड्याचंही तसंच. एका स्टोव्हवर छान चालणारं भांडं दुसऱ्यावर तळाला लागतं, म्हणून दोन्ही जोडीनेच पारखायची.

आधी चुलीचा विचार डोक्यातून काढा

यावल, अनेर आणि गौताळा-औट्रमघाट ही तिन्ही अभयारण्यं आहेत. तिथे आग लावायला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे बंदी आहे. राखीव जंगलात भारतीय वन कायदा १९२७ लागू होतो. जानेवारी सरला की सातपुड्यातलं गवत वाळून कोळ होतं आणि एक ठिणगीही पुरते. तीन दगडांची चूल शेतात किंवा मालकाने परवानगी दिलेल्या जागेतच मांडा. स्टोव्ह पेटवायचा झाला तरी वनखात्याच्या हद्दीत आधी नाक्यावर विचारा.

कोणता स्टोव्ह कशासाठी

डब्याच्या डोक्यावर फिरवून बसवायचा छोटा बर्नर सगळ्यात हलका, शंभर ग्रॅमच्या आसपास. गॅसचा डबा बहुधा २३० ग्रॅमचा. पाठीवर सामान घेऊन चढायचं असेल आणि माणसं दोन असतील तर हाच बरा. खोट अशी की भांडं उंचावर बसतं आणि सगळा डोलारा डब्याच्या बुडावर तोलून असतो. दीड लिटरहून जास्त ऐवज आणि १८ सेंटीमीटरहून रुंद भांडं यावर ठेवू नका.

नळीचा स्टोव्ह म्हणजे बर्नर जमिनीवर तीन पायांवर आणि डबा बाजूला, मध्ये धातूच्या जाळीची नळी. वजन थोडं वाढतं, पण भांडं जमिनीलगत राहतं आणि वाऱ्याला आडोसा करता येतो. खिचडी-वरण करणाऱ्याने दोन पैसे जास्त देऊन हाच घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

आडव्या लांबट डब्याचा पेटीसारखा स्टोव्ह गाडीने जाणाऱ्यांसाठी. ज्योत छान बारीक होते, बैठक पक्की असते. पण डबा शेजारच्या कप्प्यात असतो. मोठा तवा किंवा रुंद पातेलं त्या कप्प्यावर आलं की खाली परतणारी उष्णता थेट डब्याला लागते आणि डबा फुटू शकतो. भांड्याची कड कप्प्याच्या अलीकडेच राहिली पाहिजे.

पंपाचा पितळी स्टोव्ह अजून कित्येक घरांच्या माळ्यावर असेल. हा प्रकार १८९२ साली स्वीडनमध्ये निघाला आणि आजही वाऱ्यात, थंडीत त्याच्याइतका भरवशाचा दुसरा नाही. अडचण घासलेटची: आता ते सहज मिळत नाही. मिळालं तरच याच्या वाटेला जा, आणि त्यात पेट्रोल कधीही घालू नका.

स्पिरिटचा छोटा दिवा चहापुरता ठीक. लिटरभर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम स्पिरिट खातो, म्हणजे गॅसच्या दुप्पट. शिवाय उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. विझला समजून कुणी वरून स्पिरिट ओततं आणि हात भाजून घेतं.

भांडं

दोघांना २ लिटरचं, चौघांना साडेतीन-चार लिटरचं. उंच आणि अरुंद भांड्यात ज्योत बाजूने निसटते, म्हणून रुंदी उंचीपेक्षा थोडी जास्त असलेलं घ्या. झाकण घट्ट हवं.

धातूचा प्रश्न खिचडीने सोडवायचा. अॅल्युमिनियम साध्या स्टेनलेस स्टीलच्या साधारण पंधरा पट वेगाने उष्णता पसरवतं. छोट्या बर्नरची ज्योत चार-पाच सेंटीमीटरच्या वर्तुळात एकवटलेली असते. पातळ स्टीलच्या पातेल्यात ती जागा लाल तापते आणि बाकी तळ कोमट राहतो, मग मधोमध काळा गोल डाग आणि कडेला कच्ची डाळ. टायटॅनियमचं तेच, आणि किंमत अवाच्या सवा. ते फक्त पाणी उकळणाऱ्यांसाठी.

स्वयंपाकाला दोन मिलिमीटर जाडीचं हार्ड अॅनोडाइज्ड (म्हणजे वरचा थर कडक केलेल्या अॅल्युमिनियमचं) भांडं उत्तम. बजेट कमी असेल तर बाजारातलं जाड जर्मनचं, म्हणजे साध्या अॅल्युमिनियमचं, भगोनं घ्या; त्यात फक्त अंबाडीची भाजी, चिंच, टोमॅटो शिजवून ठेवू नका, आंबटाने ते काळवंडतं आणि चवही बिघडते. स्टीलच घ्यायचं तर तळाला अॅल्युमिनियमचा जाड थर असलेलं. नॉनस्टिकचं रिकामं भांडं मोठ्या ज्योतीवर ठेवू नका, २६० अंशांच्या वर त्याचा लेप खराब व्हायला लागतो. दुमडणारे तारेचे दांडे ज्योतीच्या झळेने तापतात. घरची सांडशी बरोबर घेतली की तो प्रश्नच मिटतो.

कुकर न्यावा का? गाडीने जात असाल तर बिनधास्त न्या. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटरवर आहे. तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि जळगावला शिजणारी डाळ तिथे रेंगाळते. दोन लिटरच्या कुकरमध्ये आतलं तापमान १२० अंशांच्या जवळ जातं. डाळ-तांदूळ फुगतात, म्हणून कुकर निम्म्याहून जास्त भरायचा नाही. डब्याच्या डोक्यावर बसणाऱ्या बर्नरवर मात्र कुकर चढवू नका.

घरी करायची चाचणी

लागणारं सामान: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, घड्याळ, मापाचं भांडं.

१. गॅसचा डबा नवा असतानाच वजन करा आणि मार्करने डब्यावर लिहून ठेवा. पुढे कधीही वजन केलं की किती गॅस संपला ते कळतं. हलवून अंदाज घेण्यात अर्थ नाही.

२. एक लिटर साधं पाणी, झाकण लावून, मध्यम ज्योतीवर ठेवा. खळखळून उकळलं की वेळ लिहा, गॅस बंद करा, बर्नर गार झाल्यावर काढा आणि डबा पुन्हा तोला. गॅस निघताना डबा थंड पडून बाहेरून दव धरतो. ते पुसून मगच काट्यावर ठेवा, नाहीतर दोन-तीन ग्रॅमचा घोळ होतो.

३. हेच पूर्ण ज्योतीवर करा. पाणी लवकर उकळेल, पण गॅस जास्त जाईल. बंद जागेत १२ ते १५ ग्रॅममध्ये लिटरभर पाणी उकळलं तर जोडी चांगली. २० च्या वर गेलं तर भांडं अरुंद आहे किंवा ज्योत कडेने बाहेर पडते आहे.

४. संध्याकाळी वारं सुटल्यावर गच्चीवर पुन्हा करा. आडोशाशिवाय खर्च दुपटीवर गेला तर नवल मानू नका. तोरणमाळच्या पठारावर किंवा लळिंगच्या किल्ल्यावर हाच आकडा खरा.

५. आता खरी परीक्षा. भांड्यात पाव लिटर पाणी घालून ज्योत अगदी बारीक करा आणि पंधरा मिनिटं ठेवा. ज्योत फडफडली, विझली किंवा पाणी तरीही उसळ्या मारत राहिलं तर तो स्टोव्ह चहाचा, खिचडीचा नाही.

६. भांडं दीड लिटर भरून स्टोव्हवर ठेवा (न पेटवता) आणि पळीने ढवळा. इथे डगमगलं तर डोंगरावर सांडणारच.

७. शेवटी एकदा खिचडीच लावा. दोघांसाठी १५० ग्रॅम तांदूळ, ७५ ग्रॅम तूरडाळ, एक लिटरला थोडं कमी पाणी. डाळ पाऊण तास भिजवलेली हवी. फोडणीसकट साधारण ४० ते ४५ ग्रॅम गॅस लागतो. खाली लागत असेल तर बर्नर आणि भांड्याच्या मध्ये जाड लोखंडी तवा ठेवून बघा. हा तवा फक्त नळीच्या किंवा पंपाच्या स्टोव्हवर. डब्याच्या डोक्यावरच्या बर्नरवर तो उष्णता खाली परतवतो.

गॅस वाचवायचा असेल तर बारा-पंधरा मिनिटं उकळल्यावर झाकण न उघडता बंद करा आणि भांडं अर्धा तास गोधडीत गुंडाळून ठेवा. आत शिजत राहतं.

किती गॅस न्यायचा

दोघं, एक रात्र: खिचडीला ४५ ग्रॅम, तीन वेळच्या चहाला २५, सकाळच्या पोह्यांना १५, तोंड धुवायला थोडं कोमट पाणी. शंभराच्या आत बसतं. वाऱ्याचे म्हणून निम्मे वाढवा. २३० ग्रॅमचा एक भरलेला डबा पुरून उरतो. चौघं असाल तर दोन.

भरीत खायचंच असेल तर वांगी घरूनच काड्यांच्या आगीवर भाजून न्या. छोट्या बर्नरवर वांगं भाजलं की त्याचं पाणी आणि साल बर्नरच्या भोकांत पडतं, आणि मग तो स्टोव्ह पिवळ्या ज्योतीने काजळी धरत बसतो. बट्ट्यांचं, म्हणजे कणकेच्या भाजलेल्या गोळ्यांचं, तर नावही काढू नका.

नेताना

गॅसचे डबे आणि घासलेट रेल्वेने नेता येत नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ६७ आणि १६४ खाली तो गुन्हा आहे. एसटीतही ज्वालाग्राही वस्तू चालत नाहीत. भुसावळला उतरून पुढे पालला जायचं असेल तर डबा उतरल्यावर मिळवायची सोय आधी बघा.

डब्यावर ‘५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नये’ असं लिहिलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यात जळगावला सावलीतच पारा चव्वेचाळिसाच्या घरात असतो, उन्हातल्या बंद गाडीत तो पन्नाशी सहज ओलांडतो. डबा गाडीत विसरू नका. आणि वापरून संपलेल्या डब्यात घरच्या सिलेंडरचा गॅस भरून देणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. घरगुती गॅसमध्ये प्रोपेनचं प्रमाण जास्त असतं, त्याचा दाब त्या पातळ डब्याला पेलत नाही.

जागेवर

सपाट खडक किंवा पक्की जमीन शोधा आणि चारी बाजूंनी मीटरभर गवत-पाचोळा साफ करा. तापीच्या वाळूत स्टोव्हचे पाय रुततात, एक फरशीचा तुकडा खाली घ्या. काळ्या जमिनीला भेगा असतील तर त्या टाळा, वाळकी धसकटं आत पेट घेतात. जोडणी उघड्यावर करा आणि पेटवण्याआधी जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा.

वाऱ्याला आडोसा करताना नळीच्या स्टोव्हला तिन्ही बाजूंनी पत्रा लावला तरी चालतो. डब्याच्या डोक्यावरच्या बर्नरला फक्त वाऱ्याच्या बाजूने, तोही वीतभर लांबून. दर पाच मिनिटांनी डब्याला हात लावा; गरम लागला तर लगेच बंद. तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, बाहेर पाऊस असला तरी. आगीचं भय तर आहेच, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला ते कळत नाही.

काय बिघडतं

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ज्योत मरगळली तर गॅस संपला असं समजू नका. डब्यात निव्वळ ब्यूटेन असेल तर तो उणे अर्ध्या अंशाला उकळतो, त्याहून गार झाला की त्याचा वायू होत नाही, आणि वापरताना डबा स्वतःच थंड पडत जातो. रात्री डबा पांघरुणाजवळ ठेवा, किंवा कोमट पाण्याच्या ताटलीत बोटभर बुडवून उभा करा. गरम पाणी नको. आयसोब्यूटेन-प्रोपेन मिसळलेला डबा थंडीत बरा चालतो.

फिरवून बसवताना फुसफुस आवाज थांबत नसेल तर बर्नरच्या खालची रबरी रिंग बघा: चिरली किंवा सुकली असेल. सुटी रिंग बरोबर असू द्या. ज्योत पिवळी आणि भांडं काळं होत असेल तर बर्नर खरकट्याने चोंदलाय. गार झाल्यावर दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करा.

पंपाच्या स्टोव्हची बहुतेक दुखणी दोन ठिकाणी असतात: बर्नरमध्ये आणि पंपात. आधी पेटवणं नीट हवं. टाकी पाऊण भरा, हवेचा स्क्रू उघडा ठेवून वाटीत स्पिरिट जाळा, ते संपत आलं की स्क्रू बंद करून आठ-दहा पंप मारा. पिवळी ज्योत भसकन वर आली तर बर्नर नीट तापलेला नाही: स्क्रू उघडून विझवा आणि पुन्हा तापवा. ज्योत एका बाजूला झुकत असेल तर निपलमध्ये, म्हणजे घासलेट बाहेर पडतं त्या बारीक भोकात, पिन घाला. पंप हाताला पोकळ लागत असेल तर चामड्याचा वॉशर सुकलाय. तो बाहेर काढून तेलाचे दोन-चार थेंब चोळा, बोटांनी कड पसरवा आणि परत बसवा. दहा मिनिटांत पंप हवा धरायला लागतो.