मंदीच्या काळात सरकारी अनुदानासाठी अर्ज करताना

यंत्रमागाचे काम कमी झाल्यामुळे सोलापुरातील ज्या कारागिरांना टॉवेल शिलाईसारखा स्वतःचा व्यवसाय सुरू करायचा आहे, त्यांनी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम या केंद्र सरकारच्या अनुदान योजनेचा विचार अवश्य करावा. मात्र हे अनुदान नव्या उद्योगासाठी असून ते बँकेच्या कर्जाशी जोडलेले असते. जुनी देणी फेडण्यासाठी ते मिळत नाही.

सर्वसाधारण प्रवर्गाला शहरात प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान मिळते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय, अल्पसंख्याक आदींना हेच प्रमाण अनुक्रमे २५ व ३५ टक्के आहे. स्वतःचा वाटा सर्वसाधारण प्रवर्गाला १० टक्के आणि या इतर गटांना ५ टक्के उभा करावा लागतो.

अर्ज ऑनलाइन भरायचा असला, तरी आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चौकशी करावी. सर्वाधिक कष्ट प्रकल्प अहवालावर घ्यावेत, कारण यंत्रांची दरपत्रके, सुताचा खर्च, मजुरी आणि माल कोण घेणार हे त्यात स्पष्ट नसेल, तर बँकेला परतफेडीचा भरवसा वाटत नाही. दुसऱ्याचा अहवाल उतरवून देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जात वळती होते. त्यामुळे हप्त्यांची तजवीज आधीच करावी.