लांबची बस सोडा, ओहोटी पकडा: चौथीपर्यंतच्या पोरांची क्षेत्रभेट आणि वर्गातले पाहुणे

डिसेंबर आला की शाळाशाळांत सहलीची चर्चा सुरू होते आणि बहुतेक ठिकाणी ती कुठल्यातरी वॉटरपार्कवर नाहीतर चार देवळं एका दिवसात उरकण्यावर येऊन थांबते. पोरं पहाटे चारला उठणार, घाटात उलट्या करणार, रात्री झोपेत घरी येणार. पहिली ते चौथीच्या पोरांना हे नको असतं हो. आपण कोकणात राहतो, शाळेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर समुद्र, खाडी, सडा (म्हणजे कातळाचं उघडं पठार), बाग यातलं काहीतरी असतंच, आणि या वयाचं पोरगं ओळखीच्याच जागेकडे नव्याने बघायला लागलं की सगळ्यात जास्त शिकतं असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात ओहोटीपासून करा. खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला जी डबकी राहतात त्यात कुर्ल्या, शंखात घर करून राहणारे खेकडे, समुद्रफुलं, खडकाला चिकटलेली कालवं, नशीब असेल तर तारामासा, सगळं दिसतं. पण वेळ जमली पाहिजे. आपल्याकडचे जुने खलाशी तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात, म्हणजे चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता भरती, आणि त्याच्या सवासहा तास आधी म्हणजे पावणेनऊच्या आसपास ओहोटी. तिसरी-चौथीच्या पोरांना हे गणित आदल्या दिवशी फळ्यावर करायला द्या, अपूर्णांक असा लवकर डोक्यात बसतो. आता बघा, शनिवारी आपली सकाळची शाळा असते, तर भिंतीवरच्या कॅलेंडरात द्वितीया ते चतुर्थीच्या मधला शनिवार शोधायचा, पक्ष कुठलाही चालेल. त्या दिवशी ओहोटी सव्वासात ते पावणेनऊच्या मधे येते आणि पौर्णिमा-अमावास्या नुकतीच झालेली असल्यामुळे उधाणाचा जोर असतो, पाणी चांगलं लांब मागे जातं. पाऊणचं गणित हा अंदाज आहे, पक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघून घ्या आणि बंदरावरच्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारा. ओहोटीच्या तासभर आधी उतरायचं, पाणी फिरलं की लगेच वर यायचं, यात तडजोड नको.

सुरक्षेचं इथेच सांगतो. दहा पोरांमागे एक मोठं माणूस, त्यात दोन तरी पालक किनाऱ्यावरचे असावेत ज्यांना खडक माहिती आहेत. घोट्याच्या वर पाणी नाही. पायात पट्ट्याची चप्पल, कारण कालवं पाय कापतात. जिवंत शंख कोणी हातात घ्यायचा नाही, कोनासारख्या निमुळत्या शंखातला प्राणी विषारी डंख मारतो. उचललेला दगड होता तसा परत ठेवायचा, त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर क्षेत्रभेट काढूच नका.

ज्यांची शाळा खाडीकाठी आहे त्यांनी कांदळवनात, म्हणजे खारफुटीच्या रानात जावं. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, झाड त्यातून हवा घेतं. तिवराच्या पानाला बोट लावून चाखलं तर खारट लागतं कारण झाड जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं, हे एकदा जिभेवर आलं की पोरगं विसरत नाही. कांदळाचं बी झाडावरच रुजून लांब शेंगेसारखं लोंबतं. चिखलात निवटे उड्या मारत असतात, मासा पाण्याबाहेर कसा जगतो हा प्रश्न पोरं स्वतःहूनच विचारतात. पांढरी चिप्पी 2020 पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवन वृक्ष आहे, ती तुमच्या खाडीत आहे का ते शोधायचं काम चौथीला द्या. वेंगुर्ल्यात तर मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात.

सड्यावरच्या शाळांनी पाऊस ओसरला की सप्टेंबरात फुलं बघायला जावं, सीतेची आसवं, गेंद, आणि किडे पकडून खाणारा दवबिंदू. रत्नागिरी-राजापूरकडे कातळशिल्पं, म्हणजे सड्याच्या कातळावर कोरलेली जुनी चित्रं आहेत, कशेळीचा हत्ती एवढा प्रचंड की लांबी साधारण अठरा मीटर. तिथे माहिती वाचून दाखवत बसू नका, पोरांना कडेकडेने चालत पावलं मोजू द्या, चित्रावर पाय न ठेवता, आणि मग शाळेच्या मैदानात चुन्याने तेवढाच हत्ती काढा. अख्खी शाळा कामाला लागते.

बसने जायचंच असेल तर वर्षातून एक, तेही एकाच ठिकाणी. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम 1664 साली सुरू झालं, चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, तर एवढा एकच प्रश्न घेऊन जा की हे गोडं पाणी आलं कुठून. रत्नागिरीत मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा बघा नाहीतर थिबा राजवाडा, दोन्ही एका दिवसात कोंबू नका. एसटीत शैक्षणिक सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते, मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन आगारात वेळेत जा. पालकांची संमतीपत्रं, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, वरच्या ऑफिसची परवानगी हे महिनाभर आधी उरका.

आता पाहुण्यांचं. वर्गात पाहुणा म्हटलं की आपण साहेब शोधतो, आणि साहेब भाषण करतात. त्यापेक्षा पोरांच्याच घरातून माणसं बोलवा. रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) जाणारे काका, मासे विकणारी मावशी, कलमं बांधणारा माळी, बुरूडकाम करणारी आजी, दशावतारात राजा होणारा गावकरी, पोस्टमन, आशाताई. निमंत्रण द्यायला घरी जा, फोनवर नको, आणि स्पष्ट सांगा की बोलायचं टेन्शन घेऊ नका, फक्त हत्यार घेऊन या. जाळं, कोयता, मुखवटा, तराजू, जे असेल ते. मच्छीमारांना जून-जुलैत बोलवा, मासेमारी बंद असते, ते घरी जाळी विणत असतात आणि शाळा पण नुकती सुरू झालेली असते.

आदल्या दिवशी पोरांकडून प्रश्न काढून घ्या. पहिल्यांदा सगळे "तुमचं नाव काय" एवढंच विचारतात, मग तुम्ही ढकलायचं: किती, कधी, कसं, नाही जमलं तर काय करता. आणि पोरांना घरच्या भाषेत विचारू द्या. "काका, रापण ओढूक किती माणसा लागतत?" असं विचारलं की काका पण मोकळे होतात, वर्गात कधीच तोंड न उघडणारं पोरगं अशा वेळी बोलायला लागतं. तुम्ही मधे पडून त्याचं शुद्ध मराठी करू नका. पहिली-दुसरीला वीस मिनिटं पुरे, त्यातली दहा हात लावून बघायला. जाळ्याचा आस, म्हणजे एका भोकाचं माप, पट्टीने मोजा, यातून बांगडा सुटेल का, कोळंबी सुटेल का विचारा.

पाहुण्यांना येण्याजाण्याचं भाडं द्या, रोजंदारीवरचा माणूस असेल तर त्याचा दिवस बुडणार नाही अशी वेळ ठरवा, हातात नारळ आणि आठवड्याभरात पोरांनी लिहिलेली पत्रं. ही पत्रं मात्र पोरांनीच नेऊन द्यायची.

परत आल्यावर "सहलीचा निबंध" लिहायला लावू नका. त्याऐवजी प्रत्येकाने एकच वस्तू निवडून तिचं चित्र काढायचं, खाली मोजमाप आणि एक न सुटलेला प्रश्न. हे सगळे प्रश्न भिंतीवर लावा, त्यातला ज्याचं उत्तर गावात कुणाकडे तरी मिळेल असा एक निवडा, आणि पुढचा पाहुणा तोच.