रहस्यकथा नाहीतर ऐतिहासिक कादंबरी वाचून झाली की मत कसं सांगायचं

पावसाळ्यात आपल्याकडे कोकणात वाचन जोरात असतं, जून-जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, लावणी उरकली की संध्याकाळी करायला फारसं काही नाही आणि लाइटचा तर भरवसाच नाही, त्यामुळे वाचनालयात रहस्यकथा आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांची कपाटं सगळ्यात आधी रिकामी होतात. वाचून झालं की लोक ग्रुपवर लिहितात "मस्त आहे, नक्की वाचा" किंवा "ठीक वाटलं" किंवा नुसता अंगठा. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ज्या माणसाने चारशे पानं वाचली त्याच्याकडे सांगण्यासारखं भरपूर असतं, फक्त ते कसं सांगायचं ते सुचत नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. या दोन्ही प्रकारांत मत देताना मुख्य प्रश्न एकच असतो, लेखक तुमच्याशी सरळ वागला का? रहस्यकथेत तो तुमच्यापासून काहीतरी लपवणारच, ते ठरलेलंच आहे, पण उलगडा करताना जे पुरावे वापरले ते आधी तुमच्या नजरेसमोरून गेले होते का ते महत्त्वाचं. आणि ऐतिहासिक कादंबरीत तो कल्पना करणारच, पण जे नक्की माहीत आहे त्याच्याशी त्याने काय केलं हा प्रश्न. बाकी भाषा, वर्णन, वेग, कॅरेक्टर्स हे सगळं याच्यानंतर येतं.

वाचताना थोडं टिपून ठेवा, नाहीतर शेवट वाचल्यावर आधीचं सगळं पुसलं जातं आणि आपल्याला वाटायला लागतं की आपल्याला सुरुवातीपासूनच माहीत होतं. कागदाच्या चिठ्ठ्या घाला किंवा मोबाइलवर पान नंबर आणि चार शब्द, बास. वाचनालयाच्या पुस्तकात मात्र पेन्सिल चालवू नका हो. एका रहस्यकथेत माझ्या आधीच्या कुणा वाचकाने पहिल्याच प्रकरणात एका नावाभोवती गोल करून बाजूला "हाच" असं लिहून ठेवलं होतं, पुढची अख्खी कादंबरी माझ्या हातातून गेली.

आता रहस्यकथेचं. किती सांगायचं याचा साधा हिशोब म्हणजे मलपृष्ठावर जेवढी गोष्ट छापलीय तेवढीच सांगा, फार तर पहिल्या दोन-तीन प्रकरणांतलं. पण स्पॉयलर म्हणजे फक्त खुन्याचं नाव नव्हे, हे खूप जणांच्या लक्षात येत नाही. "मला शेवटपर्यंत नवऱ्यावरच संशय होता" असं तुम्ही सहज बोलून जाता आणि ऐकणाऱ्याला कळतं की नवरा नाही, एक माणूस यादीतून गेला. "ती मोलकरीण काय भारी लिहिलीय, शेवटी तर कमालच" म्हटलं की मोलकरणीवर नजर बसलीच. "शेवटी जबरदस्त ट्विस्ट आहे" हे तर लिहूच नका, तो वाचणारा मग पहिल्या पानापासून ट्विस्ट शोधत बसतो आणि मधली सगळी मजा घालवतो. वाचनालयात पुस्तक बदलताना मागून एखादी आजी ओरडते ना, "कोणी मारल्यान ता सांगू नको हां!", ती अगदी बरोबर बोलत असते, आणि तिला यातलं प्रत्येक वाक्य "कोणी मारल्यान" इतकंच लागू आहे. व्हॉइस नोटही शक्यतो नको, लिहिलेलं असेल तर माणूस वरून नजर टाकून थांबू शकतो, ऐकताना कुठे काय फुटेल ते आधी कळत नाही.

मग सांगायचं काय? तर तुमचं वाचन कसं झालं ते सांगा. संशय कितव्या भागात पक्का झाला, अर्ध्यात की शेवटच्या चार प्रकरणांत. "कोणी" आधी कळलं आणि "का" शेवटपर्यंत नाही, असं झालं का, कारण पुष्कळ चांगल्या रहस्यकथा "का" वरच उभ्या असतात. संशयितांना सारखी जागा दिलीय की एक माणूस उगाच कोपऱ्यात ठेवलाय आणि एकदम पुढे आणलाय. तपास करणारा विचार करतो की त्याला योगायोगाने सगळं सापडत जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम पुस्तक संपल्यावर आहे, ते बहुतेक लोक करत नाहीत. शेवट कळला की लगेच मागे जा आणि ज्या पुराव्यावर उलगडा झाला तो आधी कुठे आला होता ती जागा शोधून काढा. सापडली आणि तुम्ही तिच्यावरून तसेच पुढे गेला होता असं कळलं तर लेखकाला सलाम करा. नाही सापडली तर मत देताना तसं स्पष्ट सांगा, की वाचकाला हा धागा दिलेलाच नव्हता. हे काही माझ्या मनाचं नाही, रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने, तो स्वतः रहस्यकथा लिहायचा, १९२९ मध्ये दहा नियमच लिहून काढले होते, त्यात डिटेक्टिव्हला सापडलेला पुरावा वाचकालाही दिसला पाहिजे, डिटेक्टिव्हने स्वतः गुन्हा करायचा नाही, जुळी भावंडं एकदम टपकवायची नाहीत अशी कलमं आहेत. मोडण्यासारखे नियम आहेत ते, पण मोडले तर का मोडले याचं उत्तर पुस्तकातच मिळायला हवं. ॲगाथा ख्रिस्तीच्या रॉजर ॲक्रॉइडच्या खुनावर जी कादंबरी आहे, १९२६ ची, तिच्यावर लेखिकेने वाचकाला फसवलं की नाही हे भांडण अजून चालू आहे. कशावरून ते इथे सांगत नाही, ज्यांनी वाचली नाही त्यांनी कुणाला न विचारता वाचा.

प्रकार बघून मोजा हेही आलंच. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड यांच्या गोष्टींवर आपल्या आधीच्या पिढ्या रात्री जागल्या. त्या गोष्टींत बारीक पुराव्यांची जुळणी शोधत बसून "लॉजिक कमी आहे" म्हणणं अन्यायाचं आहे. तिथे वेग बघायचा, पान उलटावंसं वाटतं का ते बघायचं.

आपण समुद्राकाठचे लोक, तेव्हा एक गोष्ट आपल्याला शहरातल्या वाचकापेक्षा जास्त दिसते, ती न लाजता सांगा. मध्यंतरी खाडीकाठच्या गावात घडणारी एक रहस्यकथा वाचली, नाव घेत नाही. त्यात पौर्णिमेच्या रात्री बाराच्या सुमाराला एक माणूस कोरड्या वाळूवरून चालत खाडीपलीकडे जातो आणि पुढचा अर्धा तपास त्या पावलांच्या ठशांवर चालतो. आता आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावस्येला भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास असते, त्यातून उधाणाची, आणि ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी, पुढे रोज वेळ पाऊण तासाने सरकते, हे इथल्या शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. त्या वेळी तिथे माणूसभर पाणी असणार! याबद्दल मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की यातला एक मुख्य पुरावा भरती-ओहोटीवर उभा आहे आणि तो टिकत नाही, ज्यांना हे माहीत आहे त्यांना पुढचं पटणं अवघड जाईल. कुठला पुरावा ते सांगितलं नाही आणि कोणाविरुद्ध तेही नाही.

पण अशी चूक पकडली की ती कुठे बसलीय ते बघा. १९७५ सालच्या गोष्टीत कोणी "सिंधुदुर्ग जिल्ह्यातून आलो" म्हणत असेल तर ते चुकलंच, जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला, पण त्याने गोष्टीला काही होत नाही, एका ओळीत सांगा आणि पुढे चला. तेच १९८५ च्या गोष्टीत आरोपी रात्रीच्या गाडीने मुंबईहून रत्नागिरीला येऊन खून करून परत गेला असेल, तर सगळाच डोलारा कोसळतो, कारण कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायलाच १९९८ उजाडलं. पहिली चूक मोठी करून पुस्तक खाली पाडणं आणि दुसरी चूक "जाऊ दे, गोष्टच तर आहे" म्हणून सोडणं, दोन्ही बरोबर नाही.

ऐतिहासिक कादंबरीचं मत द्यायला जास्त कठीण, आणि इथे आपल्याकडे आवाजही लवकर चढतात. शेवट सगळ्यांना माहीत असतो त्यामुळे स्पॉयलरची भीती कमी, म्हणजे पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते लपवण्यात अर्थ नाही. इथे सांगायचं ते असं की काळ कुठला, गोष्ट कोणाच्या बाजूने सांगितलीय, आणि लेखकाची कल्पना कुठून सुरू होते. हे तिसरं कळायला मनोगत वाचा, संदर्भांची यादी असेल तर चाळा, कित्येक लेखक तिथे मोकळेपणाने सांगतात की अमुक पात्र काल्पनिक आहे. माणसं, लढाया, तारखा हे तपासता येतं. बंद खोलीतले संवाद, रात्री झोप न आलेल्या माणसाच्या मनातलं, हे बहुतेक वेळा लेखकाचं असतं, आणि ते चांगलं लिहिलं असेल तर त्याचं श्रेय लेखकालाच द्या, "इतिहास किती भारी" म्हणून सोडून देऊ नका.

रत्नागिरीचंच उदाहरण घ्या. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं, १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० च्या सुमाराला तो राजवाड्यात राहायला गेला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. अमिताव घोषांची द ग्लास पॅलेस ही कादंबरी यावरून सुरू होते. त्यात राजा, राणी सुपायालत आणि राजकन्या खऱ्या, पण राजकुमार (हे त्याचं नाव, राजाचा मुलगा नव्हे) आणि डॉली ही ज्यांच्यात आपला जीव अडकतो ती लेखकाने घडवलेली. ते राजवाड्याच्या आवारात कुठे उभे राहिले असतील असं शोधत फिरावंसं वाटतं, इतकी ती खरी वाटतात. मत देताना हेच सांगा, की काय खरं, काय घडवलेलं आणि घडवलेल्याने खरं जास्त कळलं की झाकलं गेलं. मला विचाराल तर तिथे जास्त कळतं, एवढ्या लांब आणून ठेवलेल्या माणसांचा एकटेपणा कागदपत्रांतून असा हाती लागत नाही.

आता भांडणाचा भाग. समजा विजयदुर्गावरची कादंबरी आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्हच्या इंग्रजी आरमाराने किल्ला घेतला, आणि तो किल्ला ज्यांच्याकडे होता त्या आरमारप्रमुख तुळाजी आंग्र्यांविरुद्धच्या त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. ग्रुपमध्ये दोन्हीकडचा अभिमान असलेले लोक बसलेले असतात, कोणाचे पूर्वज आरमारात, कोणाचे पेशव्यांच्या चाकरीत. अशा वेळी "तुळाजी उर्मट होता" असं लिहू नका, "कादंबरीतला तुळाजी उर्मट रंगवलाय, आणि त्याची कारणं लेखकाने दिलेली नाहीत" असं लिहा. तुमचं मत पुस्तकाबद्दल आहे, ते पुस्तकावरच राहू दे, पुढचं अर्धं भांडण तिथेच वाचतं. पेशव्यांबद्दलही तसंच, माणूस मोठा म्हणून कादंबरी मोठी होत नाही, आणि कादंबरी फसली म्हणजे कोणी त्या माणसाचा अपमान केला असंही नाही. हे स्पष्ट बोलायला घाबरू नका, फक्त पान दाखवून बोला.

कोणी म्हणालं "बखरीत असंच आहे", तर कुठली बखर ते शांतपणे विचारा. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर वीस वर्षांच्या आत जिंजीला लिहिली गेली, चिटणिसांची बखर शंभरावर वर्षांनी, दोघींचं वजन सारखं धरता येणार नाही. आणि वस्तूंकडे लक्ष ठेवा, सतराव्या शतकातला मावळा सकाळी उठून चहा पीत असेल तर बिनधास्त सांगा, आपल्या घराघरांत चहा शिरला तो इंग्रजी अमलात आणि तोही बराच उशिरा. मिरचीवरून मात्र उगाच ओरडू नका, ती पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकातच आलीय.

लिहिताना साधारण असं जमवा, माझ्या त्या खाडीच्या कादंबरीवरचा मेसेज जवळपास असा होता: "खाडीकाठच्या गावातला खून, तपास करणारी निवृत्त शिक्षिका. पहिली साठ पानं सावकाश आहेत पण गाव छान उभं राहतं, खाडी ओलांडायच्या होडीची रांग आणि भाऊबंदकी एकदम खरी. कोणी केलं ते मला निम्म्यात कळलं, का केलं ते नाही, आणि ते कारण पटलं. एक मोठा पुरावा भरतीच्या वेळेशी जुळत नाही, त्याने माझा शेवट कच्चा राहिला. ज्यांना माणसं वाचायला आवडतात त्यांनी घ्या, ज्यांना कोडं सोडवायचंय त्यांनी थांबा." एवढ्यात गोष्ट फुटली नाही, आवडलं काय ते कळलं, नावडलं त्याचं कारण कळलं आणि पुस्तक कोणासाठी आहे तेही कळलं.

लेखक आपल्याच तालुक्यातला असेल आणि ग्रुपवर असेल तर? तरी हेच लिहा. कारण आणि पान दिलेलं असलं की समजूतदार लेखकाला ते उपयोगी पडतं, खोट्या कौतुकाचा त्याला काही फायदा नाही. फक्त त्याच्या पुस्तकाच्या प्रकाशनाच्या दिवशीच नको, आठवडाभर थांबा, आणि भाऊ, काका जे म्हणत असाल तेच म्हणून बोला.

आणि ज्यांचं वाचून झालंय त्यांचा वेगळा ग्रुप करा किंवा रविवारी वाचनालयाच्या पडवीत जमा, तिथे खुन्याचं नाव घेऊन, पान उघडून, हवं तेवढं भांडा.