देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेचा फोटो का बिघडतो? जांबोटी-कणकुंबीकडे मुक्कामाला जाताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक तंबू ठोकतानाच होते. आडोसा बघून झाडाखाली तंबू, शेजारीच ट्रायपॉड. जांबोटी-कणकुंबी ज्यात येतात त्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेपंधरा अंश वर असतो; हात लांब केला तर दीड मूठ. उत्तरेला काजूची बाग किंवा टेकडी आली की तो दिसत नाही, आणि ध्रुवाशिवाय ट्रॅकरचा (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राचा) अक्ष नीट जुळवणं अवघड. म्हणून उजेड असतानाच होकायंत्र लावा आणि उत्तर मोकळी असलेला माळ शोधा. भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय राहू नका. शेतमालकाला विचारून त्याच्या रानात थांबा.

दुसरी चूक वेळेची. दिवाळीची अमावस्या काळोखी खरी, पण फटाक्यांचा धूर नडतो. त्यापुढची कार्तिक अमावस्या उत्तम: रात्री आठ-नऊच्या सुमारास देवयानी दीर्घिका उत्तरेला ६४ अंशांवर येते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी ती ईशान्येला, म्हणजे जांबोटीहून बघाल तर नेमकी बेळगावच्या उजेडावर असते. तेव्हा ती वर चढेपर्यंत थांबा.

फोटो बिघडला तर मोठा करून ताऱ्यांचा आकार बघा. सगळे एकाच दिशेला ओढले गेलेत? ट्रॅकर नसेल तर १३५ मिमी लेन्सला दीड सेकंदाच्या पुढे जाऊ नका. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ३२००, आणि नंतर एकत्र करायला असे ५००-६०० फोटो काढा. ट्रॅकर असेल तर ६० सेकंदांचे साठेक पुरतात, आणि तरीही तारे ओढले जात असतील तर अक्ष पुन्हा जुळवा. तारे गोल पण फुगलेले? फोकस चुकलाय. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून ठळक तारा सुईच्या टोकाएवढा करा, रिंगवर चिकटपट्टी लावा, गारवा वाढला की पुन्हा तपासा.

सुरुवातीला स्वच्छ आलेल्या ताऱ्यांभोवती नंतर धूसर वलय दिसतंय? मग ते दंव. फडक्याने पुसू नका, डाग पसरतो आणि फोकसही हलतो. पॉवरबँकवर चालणारा हीटर पट्टा पहिल्या फोटोआधीच लेन्सला गुंडाळा. शेकोटी कॅमेऱ्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) ठेवा. आवरण्याआधी लेन्सला टोपी लावून, त्याच सेटिंगवर आणि त्याच गारव्यात २० डार्क फ्रेम (सेन्सरचे ठिपके काढून टाकायला लागणारे काळे फोटो) घ्या. घरी आल्यावर घेतलेल्या डार्कचं तापमान जुळत नाही आणि सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये फोटो एकत्र केले तरी ठिपके तसेच राहतात.