सिंथवरचा डोळे दिपवणारा दिवा

घरी बांधलेल्या सिंथवर (सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्य) पॉवरचा लाल एलईडी काढून निळा लावला, तर पॅनेलकडे बघवेना. प्रवाह रोखणारा रेझिस्टर जुनाच, १ किलोओमचा. १२ व्होल्टमधून निळ्या एलईडीचे साधारण ३ गेले की ९ उरतात, म्हणजे १ किलोओममधून ९ मिलिअँपिअर प्रवाह; आजच्या निळ्या एलईडीला एकसुद्धा पुरतो! १० किलोओम लावला, उजेड निवला.

एलएफओचा, म्हणजे आवाजात चढउतार आणणारी संथ लहर बनवणाऱ्या सर्किटचा, दिवा मात्र खरा मजेचा. तो सिग्नल शून्याच्या वर-खाली जातो, त्यामुळे साधा एलईडी निम्मा वेळ विझलेलाच. तिथे दोन पायांचा दुरंगी एलईडी बसवला: वर लाल, खाली हिरवा. पण तो थेट आउटपुटवर जोडू नका, लहरीचा आकार बिघडू शकतो. टीएल०७२ या दोन ऑप-अँपच्या (अँप्लिफायर सर्किटच्या) चिपमधला मोकळा ऑप-अँप बफर म्हणून, म्हणजे सिग्नलवर भार न टाकता तो पुढे देणारा, मध्ये घाला, आणि एलईडीला रेझिस्टर हवाच.