गाडीतल्या फ्रिजची निवड : आधी विजेचा हिशेब, मग लिटर

गाडीत ठेवण्यासाठी फ्रिज घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती लिटरचा घेऊ?’ हा. वास्तविक हा प्रश्न चौथ्या-पाचव्या क्रमांकावर यायला हवा. तंबू ठोकून राहण्याच्या ठिकाणी फ्रिज चालेल की नाही, हे त्याच्या आकारावर नव्हे तर त्याला रात्रभर वीज कोठून मिळणार यावर ठरते. म्हणून पुढील क्रम मुद्दाम तसाच लावला आहे.

१. फ्रिज खरोखर लागतो का, ते ठरवा

शनिवारी दुपारी निघून भंडारदऱ्याला एक रात्र राहायचे आणि रविवारी संध्याकाळी परतायचे, एवढाच बेत वारंवार होत असेल तर फ्रिज घेऊ नये. जाड भिंतींची चांगली आइस बॉक्स आणि पाच किलो बर्फ एवढ्यावर काम भागते. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॅट-तास इतकी उष्णता शोषून घेतो. पाच किलोंची ही क्षमता एका रात्रीच्या दूध-दह्याला पुरेशी आहे आणि त्यात बिघडण्यासारखे काही नसते. फ्रिजची गरज खरी लागते ती तीन किंवा अधिक दिवसांच्या प्रवासात, लहान मुलांचे दूध किंवा थंड ठेवावी लागणारी औषधे बरोबर असताना, आणि कोकणातून मासळी घरी आणायची असेल तेव्हा. हर्णै बंदरावर घेतलेली सुरमई पुण्यापर्यंत पाच-सहा तास सांभाळायची, तर वितळलेल्या पाण्यात ती भिजत राहणे कोणालाच नको असते.

२. प्रकार ओळखा

बाजारात ‘कार फ्रिज’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि निम्मी फसगत येथेच होते.

पहिली वस्तू पेल्टिए तत्त्वावर चालणारी, म्हणजे वीज सोडली की चकतीची एक बाजू गार आणि दुसरी गरम होते ती. तिच्यात कॉम्प्रेसर नसतो, एक छोटी विद्युत चकती आणि पंखा असतो. किंमत कमी, वजन हलके, पण ती बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जाऊ शकते. मे महिन्यात गाडीच्या आत ४० अंश असतील तर पेटीत २० ते २५ अंश मिळतील. सरबताच्या बाटल्यांना तेवढे चालेल. दुधाला, पनीरला आणि मासळीला मुळीच चालणार नाही, कारण असे पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावे लागतात. शिवाय यातल्या साध्या पेट्या न थांबता वीज ओढत राहतात, चार-पाच अँपिअर, दिवसरात्र. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यासाठी हा प्रकार माझ्या मते निरुपयोगी आहे.

दुसरी वस्तू म्हणजे १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा, घरच्या फ्रिजसारखाच कॉम्प्रेसर असलेला फ्रिज. तो बाहेर कडक ऊन असले तरी ४ अंश राखू शकतो आणि बहुतेक मॉडेल उणे १८ अंशांपर्यंत उतरून फ्रीझरचे काम करतात. गाडी चढावर तिरकी झाली तरी साधारण ३० अंशांच्या कलापर्यंत तो चालू राहतो. गॅसवर चालणारा तिसरा प्रकार परदेशी कॅरव्हॅनमध्ये दिसतो, पण तो जवळजवळ सपाट ठेवावा लागतो आणि बंद गाडीत त्याची ज्योत पेटवणे धोक्याचे आहे. त्याचा विचार करू नये.

जाहिरातीवरून फरक ओळखायचा असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. ‘बाहेरच्या तापमानापेक्षा १८ अंश कमी’ अशी भाषा असेल किंवा ‘थंड आणि गरम दोन्ही’ असे लिहिले असेल, तर तो बहुधा पेल्टिए असतो. आणि २५ लिटरच्या पेटीचे वजन चार-पाच किलोच असेल तर तिच्यात कॉम्प्रेसर असणे शक्य नाही. कॉम्प्रेसरवाली पेटी त्याच्या दुपटीहून जड भरते.

३. विजेचा हिशेब मांडा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून कागद-पेन घेऊन बसावे. ४० लिटरचा फ्रिज चालू असताना सुमारे ४५ वॅट घेतो असे धरू. तो सतत चालत नाही. उष्ण हवेत दिवसभराची सरासरी काढली तर साधारण ४० टक्के वेळ कॉम्प्रेसर सुरू असतो. म्हणजे ४५ गुणिले २४ गुणिले ०.४, अर्थात सुमारे ४३० वॅट-तास. १२ व्होल्टच्या बॅटरीच्या भाषेत, म्हणजे १२ ने भागून, हे ३६ अँपिअर-तास झाले.

आता आपल्या गाडीची बॅटरी पाहा. छोट्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये ती ३५ अँपिअर-तासांची असते, मोठ्या डिझेल गाडीत ६५ किंवा त्याहून अधिक. गाडीची बॅटरी इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते; ती वारंवार निम्म्याहून खाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. त्यामुळे ६५ अँपिअर-तासांपैकी जेमतेम ३२ वापरण्याजोगे उरतात. रात्रीच्या थंडाव्यात दहा तासांना अकरा-बारा अँपिअर-तास लागतात, तेवढे ही बॅटरी सोसेल. पण गाडी दिवसभर एकाच जागी उभी राहिली तर तिच्या भरवशावर फ्रिज चालवणे म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी धक्का मारायला माणसे शोधणे. छोट्या हॅचबॅकच्या बाबतीत रात्रीचाही विचार सोडावा.

तेव्हा प्रश्न असा विचारावा : आपण रोज तीन-चार तास गाडी चालवणार आहोत की एकाच ठिकाणी मुक्काम ठोकणार आहोत? रोज प्रवास असेल तर गाडीची मोठी बॅटरी आणि धावतानाचे चार्जिंग पुरते. एकाच जागी दोन दिवस राहायचे असेल तर वेगळा साठा हवा. ५०० वॅट-तासांचे पॉवर स्टेशन (सॉकेट बसवलेली, उचलून नेता येणारी बॅटरीची पेटी) तोटा वजा जाता साधारण एक दिवस काढते. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १,२८० वॅट-तास साठवते आणि अडीच दिवस सहज निघतात. पॉवर स्टेशन घेताना फ्रिज त्याच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवरच चालवावा. २३० व्होल्टच्या सॉकेटवर अडॅप्टर लावून चालवल्यास वीज दोनदा रूपांतरित होते आणि तेवढी वाया जाते. १०० वॅटचे सोलर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला ४०० वॅट-तासांच्या आसपास देते, म्हणजे हिशेब जवळजवळ जुळतो. पावसाळी ढगांत किंवा दाट झाडीत मात्र त्यावर विसंबू नये.

गाडीतल्या सॉकेटचीही परीक्षा घ्यावी. चावी काढून घेतल्यावर फोनचे चार्जिंग चालू राहते का, ते पाहा. पुष्कळ गाड्यांत ते बंद होते, आणि मग चहासाठी तासभर थांबले की फ्रिजही थांबतो. डिकीत सॉकेट नसेल तर पुढच्या सॉकेटपासून लांब बारीक वायर ओढण्याचा मोह होतो, तो टाळावा. चार मीटर अंतरावर १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीतून पाच अँपिअर नेले तर जाता-येता मिळून जवळपास अर्धा व्होल्ट वायरीतच खर्ची पडतो. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत तोच तोटा ०.१२ व्होल्टपर्यंत उतरतो. हा अर्धा व्होल्ट क्षुल्लक वाटला तरी फ्रिज विद्युतदाब स्वतःच्या टोकाला मोजतो. बॅटरी चांगली भरलेली असूनही तो ‘दाब कमी’ असा संकेत दाखवून मध्यरात्री बंद पडतो आणि दोष मात्र फ्रिजला दिला जातो. जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीजवळ फ्यूज लावून जाड वायर डिकीपर्यंत घेतली की हा त्रास मिटतो. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापू देऊ नये.

बॅटरी-संरक्षणाची सोय असलेलाच फ्रिज घ्यावा. तिच्या बहुधा तीन पातळ्या असतात. गाडीच्या बॅटरीवर चालवताना सर्वांत वरची पातळी ठेवावी, वेगळ्या लिथियम बॅटरीवर खालची चालते. परंतु वरच्या पातळीवर, म्हणजे साधारण ११ व्होल्टला फ्रिज बंद होईपर्यंत गाडीची बॅटरी बरीच उतरलेली असते. ही सोय शेवटची राखण आहे, तिच्या जोरावर रात्र काढण्याची योजना आखू नये.

४. मग लिटर ठरवा

दोघांना दोन-तीन दिवसांसाठी २५ ते ३० लिटर आणि चौघांच्या कुटुंबाला ४० ते ५० लिटर पुरतात, तेही काय काय थंड ठेवायचे याची यादी आखडती घेतली तर. कांदे, बटाटे, पोळ्या, लोणचे, चटणी यांना फ्रिजची गरज नसते; दूध, दही, पनीर, इडली-डोशाचे पीठ, अंडी आणि मासळी यांना असते. पिण्याच्या पाण्याच्या सगळ्या बाटल्या आत ठेवायच्या ठरवल्या तर ६० लिटरही कमी पडतील.

आतली उंची आवर्जून मोजावी. काही बुटक्या पेट्यांत एक लिटरची बाटली उभी राहत नाही, आणि आडवी ठेवलेली ताकाची बाटली घाटात काय करते ते सांगायला नको. फ्रिजच्या बाहेरच्या मापाचे पुठ्ठ्याचे खोके घेऊन ते आधी डिकीत ठेवून पाहावे. झाकण पूर्ण उघडते का, आणि पंख्याच्या जाळीसमोर चार बोटे मोकळी जागा राहते का, हे दोन्ही तपासावे. जाळीला गाद्या-उशा टेकल्या तर कॉम्प्रेसर तापतो आणि वर केलेला विजेचा हिशेब कोलमडतो.

दोन कप्प्यांचा फ्रिज मोहात पाडतो. एकात उणे १८ आणि दुसऱ्यात ४ अंश ठेवता येतात हे खरे, पण आकार, वजन, वीज आणि किंमत चारही वाढतात. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी मासळी आणणाऱ्याला एक कप्पाही पुरतो : परतीच्या वाटेवर दूध-भाजी संपलेली असते, तेव्हा तापमान ० ते १ अंशावर आणून साफ करून घेतलेली मासळी हवाबंद डब्यांत ठेवावी. एरवी ४ अंश ठेवतानाही भाजी भिंतीपासून दूर ठेवावी, कारण या पेट्यांत थंडावा भिंतीतूनच येतो; कोथिंबिरीची जुडी भिंतीला टेकली की रात्रीतून काळी पडते.

५. दुकानात काय तपासावे

माहितीपत्रकातला हवामान वर्ग पाहावा. ‘एन’ वर्ग ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ ३८ पर्यंत आणि ‘टी’ ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतो. आपल्याकडे ‘टी’च हवा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत त्याहून पुष्कळ अधिक तापते, त्यामुळे ‘टी’ वर्गाच्या फ्रिजलाही सावली आणि थोड्या उघड्या काचा लागतातच.

झाकणाच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ती ओढून पाहावी. चारही बाजूंना ती घट्ट बसली पाहिजे. कॉम्प्रेसर कोणत्या कंपनीचा आहे हे विचारावे. सेकॉप, म्हणजे पूर्वीचा डॅनफॉस, हे या क्षेत्रातले जुने नाव आहे, पण स्वस्त मॉडेलमध्ये दुसरे कॉम्प्रेसरही नीट चालतात. त्याहून मोलाचा प्रश्न दुरुस्तीचा आहे. कंट्रोल बोर्ड गेला तर तो आपल्या शहरात मिळेल का, की पेटी परराज्यात पाठवावी लागेल? याचे उत्तर लेखी मिळत नसेल तर थोडी जास्त किंमत देऊन दुसरी कंपनी निवडावी. भरलेली पेटी ३० किलोंच्या पुढे जाते, म्हणून ती डिकीतल्या कड्यांना पट्ट्याने बांधण्यासाठी भक्कम मुठी आहेत का, हेही पाहावे.

६. घरीच एक रात्र चालवून बघा

वस्तू परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ही चाचणी उरकावी. आदल्या दिवशी फ्रिज घरच्या विजेवर लावून थंड करावा आणि सामानही घरच्या फ्रिजमध्ये गार करून मगच त्यात भरावे. ही सवय पुढेही उपयोगी पडते, कारण ३५ अंशांचे दहा लिटर पाणी ५ अंशांवर आणायला जवळपास ३५० वॅट-तास उष्णता बाहेर काढावी लागते, आणि ते काम बॅटरीवर टाकण्यात अर्थ नाही. मग पेटी गाडीत ठेवून, वीज बचतीचा मोड लावून, रात्री दहाला बॅटरीचा दाब नोंदवावा. मधोमध एका पेल्यात पाणी आणि त्यात साधा थर्मामीटर ठेवावा, कारण पडद्यावरचा आकडा संवेदकाजवळचा असतो, दुधाजवळचा नव्हे. सकाळी सहाला दोन्ही आकडे पुन्हा पाहावेत. पेल्यातले पाणी ५ अंशांखाली असेल आणि गाडी एका चावीत सुरू झाली तर फ्रिज ठेवून घ्यावा. नाहीतर त्याच दिवशी पावती घेऊन दुकान गाठावे.